पश्चिमेला खणलेला चर

'खाली' ही नेमकी कोणती दिशा आहे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न बालिश वाटेल, याची मला कल्पना आहे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला हे ठाऊक नसावे का, असेही कोणी विचारील. परंतु वर्गात सोपे असलेले पुष्कळ प्रश्न अंगणात उतरले की अवघड होतात, आणि हा त्यांपैकी एक आहे.

निमित्त घडले ते असे. गेल्या आठवड्यात पावसाने उसंत दिली नाही आणि मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या तळघरात, जिथे गाड्या उभ्या असतात तिथे, पाणी साचले. सोसायटीचा तरुण सेक्रेटरी जिन्यात भेटला. हताश होऊन म्हणाला, "मॅडम, पाणी खाली जायला पाहिजे ना? मग आपल्याकडे कसं आलं?"

"आपण खाली आहोत म्हणून," मी म्हटले.

तो हसला नाही. मला मात्र त्याच क्षणी ओल्या गोणपाटाचा वास आला. त्या तळघरात गोणपाट नव्हता. वास स्मरणातला होता. याच जागेवर पूर्वी आमची बैठी चाळ होती. ऐंशीच्या दशकात, गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतरच्या एका पावसाळ्यात, सगळी चाळ हाच प्रश्न एकमेकांना विचारत होती.

चाळीची रचना आधी सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. खोल्या एका ओळीत, पूर्व-पश्चिम पसरलेल्या. सगळ्यांची दारे एकाच लांबट अंगणात उघडत. पश्चिमेला डोंगर, आणि डोंगरावरून उतरणारा एक नाला चाळीच्या त्या टोकाजवळून वळून जाई. पूर्वेला रस्ता, रस्त्यापलीकडे वस्ती, त्यापुढे स्टेशन. डोंगराकडच्या पहिल्या खोलीत विमा कचेरीत नोकरी करणारे दामले राहत. रस्त्याकडच्या शेवटच्या खोलीत परबभाऊ. ते मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात पहारेकऱ्याचे काम करू लागले होते. आम्ही दोघांच्या मध्ये होतो, आणि चाळीतल्या भांडणांतही आमचे स्थान साधारण तेच असे.

पाऊस जोराचा झाला की अंगणात पाणी साचे, आणि पाणी साचले की प्रत्येक घर आपला ओटा वाढवी. हा आमच्या चाळीचा रिवाजच होता. सिमेंटचा एक थर, वर फरशीचे तुकडे, कडेला विटांची ओळ. पुढच्या वर्षी पाणी शेजारच्या दारात जाई, मग शेजारी आपला ओटा वाढवी. कोणीही पाण्याशी भांडत नसे. प्रत्येक जण पाण्याला शेजाऱ्याचा पत्ता देत असे. या पत्रव्यवहारात शेवटचा पत्ता परबभाऊंचा होता. त्यांच्यापुढे रस्ता होता, आणि तो डांबराचे थर चढून चढून इतका उंच झाला होता की त्यांची खोली रस्त्यावरून पाहिल्यास खाली बसल्यासारखी दिसे.

"परब, भाग्यवान आहेस लेका," दामले आपल्या उंच ओट्यावर चहा पीत म्हणत. "लोक नळावर रांगा लावतात. तुझ्या घरी पाणी स्वतःहून येतं."

"दामल्या, तुज्या ओट्याक एक दिवस सुरुंग लावतलंय," परबभाऊ गोणपाट पिळत उत्तर देत.

तोपर्यंत हे सगळे थट्टेत चालले होते. त्या वर्षी मात्र थट्टा संपली, कारण परबभाऊंची सुनंदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. सुनंदा माझी विद्यार्थिनी. आदल्या वर्षी लग्न होऊन कांदिवलीला गेली होती. दिवस भरत होते ते नेमके गणपतीच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात. आणि तिच्या सासूबाईंचा निरोप आला होता: घरात पाणी शिरत असेल, तर सुनेला पाठवता येणार नाही, बाळंतपण कांदिवलीलाच होईल. निरोपात उद्धटपणा नव्हता, आणि तेच अवघड होते. बाईंचे म्हणणे बरोबर होते.

परबकाकी एरवी कमी बोलत. जुन्या लुगड्यांची मऊ फडकी करून त्यांनी दोरीवर वाळत घातली होती. हवा इतकी दमट की ती वाळण्याऐवजी अधिकच ओली होत. खोलीतल्या बाजेच्या पायांखाली त्यांनी विटा लावल्या होत्या, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर आणखी एक थर चढवीत. बाज हळूहळू छताच्या दिशेने निघाली होती. एकदा मी म्हटले, "काकी, कांदिवलीला तिची काळजी नीटच घेतील. लोक काय म्हणतील ते मनावर घेऊ नका."

"लोक काय म्हणतले ता ऱ्हवांदे, बाई," त्या म्हणाल्या. "पयल्या बाळंतपणाक चेडवाक माज्या हातची पेज मिळाक नको?"

यावर भूगोलात उत्तर नाही.

परबभाऊंनी मात्र उत्तर शोधले होते. एका रविवारी पाऊस थांबलेला पाहून ते अंगणाच्या मधोमध कुदळ घेऊन उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केले की परबांच्या दारापासून दामल्यांच्या दारापर्यंत, आणि तिथून थेट नाल्यापर्यंत, चर खणायचा. पाणी पश्चिमेला काढून द्यायचे.

"अरे, पण तिकडे डोंगर आहे," दामले म्हणाले.

"डोंगर आसा तो आसा. डोंगराच्या पलीकडे दर्या आसा मा? पाणी दर्याक जाता. दर्या पश्चिमेक."

"मग पाणी डोंगर चढणार? त्याला शिडी देतोस का?"

परबभाऊंनी दामल्यांकडे दुर्लक्ष केले आणि ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमीच सुनंदाक शिकवलात मा? कोकणातल्यो नद्यो पश्चिमेक व्हावतत. घरात मोठ्यान पाठ म्हणा होता ता."

"शिकवले ते खरे आहे, भाऊ. पण ते काही मुलुंडविषयी नव्हते."

"मुलुंड काय देशावर आसा?"

मुलुंड देशावर नाही, हे मला मान्य करावे लागले. वाक्य निर्दोष होते. चुकीच्या अंगणात येऊन उभे राहिले होते, इतकेच. इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की परबभाऊंची समजूत खुळी नव्हती. कोकणात समुद्राकडच्या सखल पट्ट्याला खलाटी म्हणतात आणि सह्याद्रीकडच्या उंच पट्ट्याला वलाटी. म्हणजे तिथे 'खाली' म्हणजे पश्चिम आणि 'वर' म्हणजे पूर्व, हे भाषेतच कोरलेले आहे. माणूस गाव सोडून मुंबईला येतो, ट्रंक आणतो, देव आणतो, पण आपले 'वर' आणि 'खाली' तिथल्या जमिनीशी जुळवून घ्यायचे त्याच्या लक्षात येत नाही. माझे विद्यार्थीही वेगळे नव्हते. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर वर असते, म्हणून उत्तरेकडे वाहणारी नदी चढते कशी, असे ते मला दरवर्षी विचारत. आणि चाळीतली बाकी मंडळी 'खाली जाऊन येतो' म्हणत तेव्हा त्यांना स्टेशन अभिप्रेत असे. एका अंगणात इतके 'खाली' नांदत असताना पाण्याने तरी कोणाचे ऐकावे?

चर खणला गेला. सगळ्या चाळीने हात लावला, दामल्यांनीसुद्धा. फुकटचा उपदेश करण्यापेक्षा फुकटची करमणूक जवळून पाहावी, असा त्यांचा विचार असावा. ओल्या मातीचा, गंजलेल्या पत्र्याचा आणि कोणाच्या तरी चुलीवर तापणाऱ्या चहाचा एकत्र वास मला अजून आठवतो. सुरुवातीला परबभाऊंनी बादलीभर पाणी ओतून पाहिले. पाणी चरात शिरले, जरा विचार केल्यासारखे थांबले, आणि परत परबभाऊंच्या पायाशी आले.

"नवीन आसा," ते म्हणाले. "वाट मिळाक येळ लागता."

शेवटी नाल्याच्या काठाला तोंड फोडून चर त्याला जोडला, आणि परबभाऊंनी विहीणबाईंना घर पाहायला यायचे आमंत्रण धाडले.

विहीणबाई पुढच्या रविवारी दादरला गाडी बदलून आल्या. नेटक्या, काटक, नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या. उन्हाची तिरीप पडली होती. त्यांनी चर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि मान डोलावली.

"बरोबर खणलंत. आमच्या कांदिवलीला पण पाणी पश्चिमेलाच जातं हो."

कांदिवलीबद्दल त्या शंभर टक्के खरे बोलत होत्या. तिथे डोंगर पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला आहे. लग्नातल्या मानपानापासून दोन्ही घरांचे एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. परबभाऊंनी माझ्याकडे पाहून घेतले. काकींनी काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळ्या वाढल्या. विहीणबाई, खाली ओल होती म्हणून, बाजेवर चढून बसल्या. 'चढून' हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे.

त्यांचा पहिला घास व्हायच्या आत डोंगर काळवंडला. अंगणात अजून थेंब पडला नव्हता, पण वरच्या अंगाला पाऊस कोसळत असल्याचा घुमल्यासारखा आवाज आला. मग नाला आला. लालसर पाणी, पाचोळा, काटक्या, कोणाची तरी बुचाची बाटली असा सगळा सरंजाम घेऊन तो चराच्या तोंडाशी पोहोचला, आणि इतक्या प्रेमाने खणलेली वाट समोर पाहून आत वळला.

"परब!" दामले ओट्यावरून ओरडले. "तुझं पाणी आलं रे! पाहुण्यांच्या पंगतीला आलं!"

पाणी परबांच्या दारात आले, उंबऱ्यावरून आत आले, आणि बाहेर जाताना दारातल्या चपला घेऊन निघाले. विहीणबाई हातात ताट धरून बाजेवर उभ्या राहिल्या.

"अहो, माझ्या चपला! चपला चालल्या माझ्या!"

"खंय चालल्यो?" परबभाऊ ओरडले.

"खाली!"

हे ऐकताच परबभाऊ पश्चिमेकडे धावले. दामले उंच ओट्यावरून हात करून "अरे तिकडे, तिकडे!" ओरडत राहिले. चपला मात्र एकीमागे एक, शांतपणे, पूर्वेला गेल्या. रस्त्याच्या कडेशी एका जागी त्यांनी दोन गिरक्या घेतल्या आणि दिसेनाशा झाल्या.

पाणी ओसरल्यावर विहीणबाई काकींच्या चपला घालून निघाल्या. आवाज चढवला नाही. "राग मानू नका," एवढेच म्हणाल्या. "सुनंदा माझ्याकडेच राहील." काकींनी त्यांच्या ओटीत तांदूळ घातले. पाहुणी दिसेनाशी झाल्यावर त्या दोरीवरची फडकी काढू लागल्या. फडकी ओलीच होती. तशीच त्यांनी ती घडी घालून ठेवली.

मी त्याच संध्याकाळी परबभाऊंना म्हटले, "भाऊ, चपला कोणीकडे गेल्या ते पाहिलेत?"

"चपलो सासरच्यो, बाई. त्यो उलट्योच जातल्यो."

तेव्हा युक्तिवाद सोडून मी शाळेच्या प्रयोगशाळेतून एक लांब पारदर्शक नळी मागून आणली. गवंडी जिला पाणसळ म्हणतात, तिचेच हे साधे रूप. नळीत पाणी भरावे, दोन्ही टोके वर धरावीत. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी राहते, त्यामुळे जमीन कुठे किती खाली आहे ते कळते. एक टोक दामल्यांनी आपल्या ओट्याखाली अंगणात धरले, दुसरे परबभाऊंनी आपल्या दारात. दामल्यांकडे पाणी पावलाशी होते. परबभाऊंकडे गुडघ्याच्याही वर.

"आता?" दामले म्हणाले.

"नळी बाईंच्या शाळेची मा? ती बाईंचाच ऐकतली." पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मगे दर्या खंय, बाई?"

"पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. आपले पाणी तिथे जाते."

"खाडीक दर्या कोण म्हणता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परबभाऊ घरात नव्हते. दुपारी माझ्या दारात आले तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखल होता. रूळ ओलांडून, हायवे ओलांडून, मिठागरांच्या बांधावरून ते खाडीपर्यंत चालत गेले होते.

"खारट आसा," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी. चाखून बगलंय." ते ओट्याच्या कडेवर टेकले. "इतकी वर्सां हंय ऱ्हवतंय, बाई. कधी बगूक गेलंय नाय."

मला हसू येईल असे वाटले होते, आले नाही. मीही तोवर ती खाडी नकाशातच पाहिली होती. त्यांचा समुद्र मालवणला होता आणि माझा भिंतीवर, आणि खराखुरा समुद्र आमच्या पाठीशी रोज भरत आणि ओसरत होता.

पुढचे काम सोपे नव्हते, पण दिशा ठरली होती. पश्चिमेचे तोंड दगडमातीने बुजवले. चर पूर्वेकडे उतरता केला. रस्त्याखालून पाणी पलीकडच्या गटारात नेणारी जुनी मोरी कुठेतरी होती, असे सगळे म्हणत. ती कुठे होती, हे कोणालाच आठवत नव्हते. चपलांनी जिथे गिरक्या घेतल्या होत्या, तिथे परबभाऊंनी कुदळ मारली आणि मोरीचे तोंड सापडले. आत काय असावे? सिमेंटची ढेकळे, फरशीचे तुकडे, विटा. वाढवताना आणि फोडताना ओट्यांचे जे जे अंगणात सांडले होते, ते सगळे पाण्याने इमानदारीने इथवर आणून ठेवले होते. प्रत्येक घराला आपला माल ओळखू येत होता.

"ही तर आमच्या ओट्याची फरशी!" दामले नकळत बोलून गेले.

"तुजी मा?" परबभाऊ म्हणाले. "मगे घेवन जा घराक."

आणि दामले ती खरोखरच घेऊन गेले. ढिगाच्या तळाशी एक चप्पल निघाली. एकच.

मोरीच्या तोंडाची कड ढासळू नये म्हणून विटा हव्या होत्या. अंगणातल्या सगळ्या फुटलेल्या. तेवढ्यात काकी आतून आल्या, पदरात विटा घेऊन. बाजेखालच्या. आम्ही पाहत राहिलो, आणि त्या पुन्हा आत जाऊन उरलेल्या घेऊन आल्या. पाऊस संपलेला नव्हता. मोरी चालते की नाही, हेही अजून ठरायचे होते.

परबभाऊ ती एक चप्पल धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून कांदिवलीला घेऊन गेले. तिथले संभाषण त्यांनी परतल्यावर सगळ्या चाळीला साभिनय सांगितले. विहीणबाईंनी कागद उघडला आणि विचारले, "दुसरी कुठाय?"

"दुसरी दर्याक पोचली, विहीणबाय. म्हणजे वाट मोकळी आसा."

विहीणबाई पुन्हा आल्या त्या भर पावसात. दारात त्यांनी चपला काढल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी खांद्याला लावली. आत यायला नकार दिला. काकींकडून तांब्या मागून घेतला, उंबऱ्यापाशी उपडा केला, आणि छत्री उघडून त्या पाण्यामागे चालू लागल्या. पाऊस पडत असताना नेमके आपल्याच तांब्यातले पाणी त्यांना कसे ओळखता येत होते, हे मला आजही सांगता येणार नाही, परंतु त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. चराच्या कडेने त्या मोरीपर्यंत गेल्या. वाकून पाहिले. मग आम्हा सगळ्यांना तिथेच उभे करून रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

"आता कुठं चालल्या?" दामल्यांनी हळूच विचारले.

"बाहेर येतं का बघायला," मी म्हटले. परीक्षक कसा असावा, हे मला त्या दिवशी कळले.

त्या पलीकडच्या गटाराशी बराच वेळ वाकून उभ्या होत्या. काकींनी हातातला रिकामा तांब्या पोटाशी घट्ट धरला होता. मग विहीणबाई परत आल्या, छत्री मिटली, पिशवीतून चपला काढून दारात ओळीने ठेवल्या, आणि म्हणाल्या, "गुरुवारी पाठवते तिला. पेजेला तांदूळ कोणते घेता?"

काकींनी तांदळाचे नाव सांगितले नाही. त्या आत गेल्या आणि डबे उघडल्याचा आवाज येत राहिला.

सुनंदा आली. सुजलेले पाय पुढे पसरून ती दारात बसे आणि अंगणातून जाणारे पाणी पाहत असे. पाणी दारावरून जाई, वाकडी नजरही न करता. मी समोरून गेले की ती म्हणे, "बाई, पश्चिमवाहिनी नाही ना ही?" आणि परबभाऊ आतून ओरडत, "गप ऱ्हव गे!"

मुलगी झाली. बारशाला तिचे नाव 'पूर्वा' ठेवावे, असा परबभाऊंनी फार हट्ट धरला. विहीणबाईंनी तो साफ फेटाळला. दिशेचे नाव ठेवले तर पोरगी जन्मभर लोकांना पत्ते सांगत बसेल, असे त्यांचे म्हणणे पडले. आत्याने पाळण्यात दुसरेच, सुंदर नाव ठेवले. काकी मात्र पेजेची वाटी घेऊन बाजेशी बसल्या होत्या. नावाच्या वादात त्यांनी अजिबात लक्ष घातले नाही.

तर प्रश्नाचे उत्तर. माझ्या माहितीप्रमाणे, मुलुंडच्या आमच्या जागेपुरती 'खाली' ही दिशा पूर्व आहे. कांदिवलीत ती पश्चिम आहे, आणि मालवणातही पश्चिमच. यापलीकडे मी खात्रीने काही सांगू शकत नाही, आणि माझ्या सांगण्यावर कोणी कुदळ उचलू नये. वाचकांना विनंती आहे की पाऊस नसताना आपल्या दारात तांब्याभर पाणी ओतावे, त्याच्यामागे चालत जावे, आणि ते कुठे पोहोचते हे स्वतः पाहून घ्यावे.